पैसा येतो दोनदा, जातो बारा महिने

गेल्या वर्षी मे महिन्यात सोयाबीनची उगवण तपासणी दाखवायला एका गावी गेलो होतो. सगळी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले तसे घरधनी म्हणाले, "साहेब, बी उगवंल हो, पण खताला पैसा कुठून आणू ते सांगा. दरसाल पिकतं, तरी दरसाल जूनला हात रिकामाच."

घरच्या बाई बचत गटाच्या सचिव. त्यांनी मुलीची जुनी वही आणली आणि आम्ही तिघे हिशेबाला बसलो.

आधी वही, मग कर्ज

पानाच्या डाव्या बाजूला बारा महिने लिहिले. समोर आलेला पैसा आणि गेलेला पैसा. पैसा येण्याचे महिने दोनच निघाले : दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, संक्रांतीनंतर तूर. जाण्याला मात्र एकही महिना सुटला नाही. जूनमध्ये बियाणे, खत आणि शाळा एकदम. श्रावण-भाद्रपदात फवारणी, निंदणी, सणवार आणि दवाखाना. घरधन्यांनी सांगितलेला खर्च अर्ध्या पानात संपला; बाई सांगू लागल्या तशी दोन पाने भरली.

शेवटी राहिले व्याज. जूनमध्ये गावातल्याच एकाकडून ४० हजार रुपये शेकडा तीनने आणले होते. महिन्याला १,२०० रुपये, नोव्हेंबरपर्यंत सहा महिन्यांचे ७,२०० रुपये. मुलांच्या शाळेच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा हा आकडा मोठा होता. "शेकडा तीन" ऐकायला हलके वाटते, पण वर्षाला ते ३६ टक्के पडते. आणि हे देणे डोक्यावर असल्यामुळे सोयाबीन खळ्यावरूनच मिळेल त्या भावाने गेले.

शेतकरी बंधूंनो, टंचाईचे महिने अचानक येत नाहीत. ते दरसाल ठरलेले असतात. वहीत ते दिसले, की पैशाची सोय दोन-तीन महिने आधी करता येते. ऐन पेरणीत उधार मागणाऱ्याला भाव करता येत नाही.

सोसायटी का सुटली?

मी विचारले, सोसायटीचे पीककर्ज का घेतले नाही? उत्तर निघाले सातबाऱ्यावर. वडील वारून चार वर्षे झाली, जमीन अजून त्यांच्याच नावावर. वारसनोंद नाही म्हणून सोसायटीचे सभासदत्व नाही, आणि सभासदत्व नाही म्हणून कर्ज नाही. एका न दिलेल्या अर्जापायी हे घर व्याज भरत होते.

आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे व्याज शून्यावर येते. राज्याची सवलत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मिळते. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून परतफेडीची तारीख सोसायटीच्या सचिवांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. मार्चअखेर नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी खाजगी पैसा उचलण्याची पाळी आली, तर शून्य टक्क्याचे कर्जही महागच पडते. तुरीचे पैसे आले की त्यातून सोसायटीचा वाटा आधीच बाजूला काढावा.

गटाचा पैसा घरचाच

बाईंच्या गटात बारा जणी. दरमहा शंभर रुपयांप्रमाणे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये बचत. शिवाय बँकेचे कर्ज मिळालेले. गटाचा व्याजदर शेकडा दोन. तोही कमी नाही, पण बचतीतून दिलेल्या पैशाचे व्याज फिरून गटातच राहते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी या पाच गोष्टी वेळेवर ठेवणाऱ्या गटालाच बँक पुन्हा दारात उभे करते. दवाखाना, शाळा अशा लहान गरजांना गट, आणि पेरणीला सोसायटी, अशी वाटणी बरी.

खळ्यावर विकण्याआधी

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, १८० दिवसांसाठी, वार्षिक ६ टक्क्यांनी. समजा २० क्विंटल मालाची किंमत ८० हजार धरली, तर ६० हजार हाती येतात. तीन महिन्यांचे व्याज ९०० रुपये, म्हणजे क्विंटलला ४५ रुपये. भाव वाढेलच याची हमी नाही, हे ध्यानात ठेवूनच माल ठेवावा. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत. काढणीआधीच चौकशी करावी.

सावकारीचा कायदा

२०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हाच आहे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

२०२५ मध्ये शासनाने मृत खातेदारांच्या वारसनोंदीसाठी "जिवंत सातबारा" मोहीम काढली. मोहीम असो वा नसो, आपल्या गावात अशी किती खाती राहिली, याची यादी सरपंच, तलाठी आणि सोसायटीच्या सचिवांनी एकत्र बसून करावी आणि ग्रामसभेत वाचावी. शेतात अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, पण तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव ३० दिवसांत जावा लागतो. दुःखात बुडालेल्या घराला हे सुचत नाही. ते गावानेच सांगायला हवे.

त्या घरी परवा पुन्हा जाऊन आलो. गेल्या हंगामात १५ हजार गटातून घेतले, तरी २५ हजार खाजगी घ्यावेच लागले. पण वारसनोंद झाली, सभासदत्व मिळाले आणि यंदाच्या पीककर्जाचा अर्ज एप्रिलमध्येच गेला. वही खुंटीला टांगलेली होती. घरधनी म्हणाले, "साहेब, आता बाजारातून आलो की ही आधी वही पुढं करते, मग पाण्याचा तांब्या."