वाहनविचार – लेखांक नववा : ब्रेक दाबताच थरथरणारी गाडी

प्रकृती अगदी ढासळलेल्या विनोबांना 1938 साली नालवाडीहून मोटारीत बसवून ज्या दिशेने पवनारला नेण्यात आले, त्याच दिशेने आज नागपूरकडे जाणाऱ्या मोटारी ऐंशीच्या वेगाने सहज धावतात. आणि धाम नदीचा पूल दृष्टीस पडताच चालकाने ब्रेकवर पाय ठेवावा, तोच स्टिअरिंग हातात थरथरू लागावे, ही तक्रार घेऊन येणारी गाडी नालवाडीच्या रस्त्याकाठच्या कोणत्याही गॅरेजात वरचेवर दिसते. तक्रार जितकी परिचित, तितकाच तिच्यावरचा निकालही ठरलेला : ‘डिस्क वाकली, जोडी बदला.’ गाडी जॅकवर चढण्यापूर्वी, कसलाही तपास न होता दिलेला हा निकाल निदान मला तरी क्वचितच पटतो.

तपासाचा आरंभ चालकाने स्वतःच करावा, कारण मिस्त्रीला जे सांगायचे ते नेमके त्यालाच ठाऊक असते. ब्रेक न दाबताही विशिष्ट वेगाला कंप जाणवत असेल, तर दोष बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगचा किंवा टायरचा समजावा, ब्रेकचा नव्हे. ब्रेक दाबल्यावरच कंप येत असेल आणि तो स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. आसनाखाली आणि पेडलमध्ये जाणवत असेल, तर मागच्यांवर. मागे ड्रम असलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत निर्जन रस्त्यावर, मंद वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढला आणि तोच कंप पुन्हा उमटला, तर ड्रमने आपला गुन्हा कबूल केला असे मानण्यास हरकत नाही. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक मारताना पेडलखाली जाणवणारी तडतड मात्र एबीएसची असते. तो दोष नसून त्या यंत्रणेचे कर्तव्य आहे.

आता मूळ कारणाकडे वळू. डिस्क ही बिडाची चकती. कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. छोट्या मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे 1.8 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे 12 फेरे घेते. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसेल, तर प्रत्येक फेऱ्यात जाड भाग पॅडांना मागे रेटतो, पातळ भाग त्यांना सैल सोडतो. हा धक्का ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत आणि चाकातून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. त्यासाठी जाडीत किती फरक लागतो? मिलिमीटरचे पंधरा-वीस सहस्रांश पुरे होतात. ज्या नालवाडीत विनोबांच्या काळी सूतकताईच्या मिळकतीवर निर्वाह करण्याचा प्रयोग झाला, तिथे चरख्याचे चाते किंचित वाकले तरी धागा कसा हिसके खातो हे कोणाला सांगावे लागले नसेल. डिस्कची गोष्ट त्याहून नाजूक आहे.

परंतु ही असमान जाडी येते कोठून, हा खरा मुद्दा. उष्णतेने डिस्क पिळवटते, हा समज सार्वत्रिक असला तरी बव्हंशी चुकीचा आहे. चाक काढून, कॅलिपर तारेने टांगून (ब्रेकच्या होजवर त्याचा भार कधीही पडू देऊ नये), डिस्क नटांनी हबवर पक्की आवळून, तिच्या कडेजवळ डायल गेजचे टोक टेकवावे आणि चाकाचा हब हाताने सावकाश फिरवावा. काटा साधारणपणे 0.05 मिलिमीटरहून अधिक सरकला, तर डिस्क उतरवून हबच्या तोंडाकडे निरखून पाहावे. तिथे बहुधा तांबूस गंजाचा पापुद्रा किंवा काळ्या मातीची बसलेली धूळ सापडते. मध्याजवळचा हा क्षुल्लक थर डिस्कला तिरपी बसवतो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही तिची तीच जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे जाडी कमी होते. म्हणूनच पॅड किंवा डिस्क बदलल्यानंतर काही महिन्यांनी कंप सुरू होतो, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानीही येत नाही. एअर गनने चाकाचे नट वेडेवाकडे आवळणे, हेही याच दोषाचे दुसरे उगमस्थान.

तळेगावच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर गिअर न उतरवता सतत ब्रेक दाबून यावे आणि खाली येताच तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून गाडी उभी ठेवावी, म्हणजे पॅडचे द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते. दोष त्या डागाचा, नाव मात्र वाकण्याचे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडखाली असाच गंजाचा ठसा उमटतो. कॅलिपरच्या पिना अडकल्या असल्या, तर एकच पॅड घासत राहून डिस्क नाहक तापते. आणि लोअर आर्मचे बुश झिजले असल्यास अल्प कंपही मोठा होऊन हाताला लागतो.

इलाज तपासाच्या क्रमानेच करावा. हब पॉलिश पेपरने स्वच्छ करावा. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजावी. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेसे अधिक माप उरत असेल तरच लेथवर तासून घ्यावी, अन्यथा एकाच अक्षावरील दोन्ही डिस्क पॅडांसह बदलाव्यात. नव्या डिस्कवरील तेलाचा थर पुसल्याखेरीज ती बसवू नये. नट समोरासमोरच्या क्रमाने, मापाच्या पान्याने आवळावेत. नव्या पॅडांना जम बसू देण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर साठाच्या वेगावरून विसापर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, काही वेळा मध्यम दाबाने वेग उतरवावा आणि मधे ब्रेक थंड होऊ द्यावेत.

वाचकांना एक विनंती. कंपासोबत पेडल मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर गॅरेजपर्यंतही ती चालवत नेऊ नका. मिस्त्रीलाच गाडीपाशी बोलावून घ्या.