डीएनएची कॉपी चालू-बंद कोण करतं? पेशीच्या आतलं कंट्रोल आणि सिकलसेलचं औषध



फोनमधली मोठी फाइल कॉपी करताना आपल्याला दोन काळज्या असतात. कॉपी अर्धवट राहू नये, आणि एकच फाइल दोनदा कॉपी होऊ नये. शरीरातली एक पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्यापुढेही हेच काम असतं. फाइल असते डीएनएची, त्यात साधारण ६०० कोटी अक्षरं. अक्षरांचे प्रकार मात्र चारच: ए, टी, जी आणि सी.

मी राहतो भिवंडीजवळ कोनला, नोकरी सॉफ्टवेअरची. या विषयाकडे वळलो ते सिकलसेलच्या एका औषधामुळे. विदर्भ, नंदुरबार, पालघर इथल्या आदिवासी भागांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. त्यावरचं रोजचं औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध थेट डीएनए कॉपीच्या एका बटणावर बोट ठेवतं. ते बटण कुठलं, ते आज बघूया.

कॉपी करतं कोण?

डीएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात, आठवत असेल. १९५६ साली आर्थर कॉर्नबर्ग यांनी ते जिवाणूंमध्ये शोधलं आणि १९५९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: टेस्ट ट्यूबमध्ये चारही अक्षरं टाकली तरच कॉपी व्हायची. एक जरी काढलं तरी काम जवळपास ठप्प. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्पीड बघा. माणसाच्या पेशीत हे एन्झाइम सेकंदाला फार तर ५० अक्षरं जोडतं, असं धरू. आपल्या सगळ्यात मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरं आहेत. एका टोकापासून सुरुवात केली तर जवळजवळ ५८ दिवस लागतील! प्रत्यक्षात पेशी सगळी कॉपी साधारण आठ तासांत उरकते, कारण ती एकाच वेळी हजारो ठिकाणांहून सुरुवात करते.

पण इथेच गडबड होऊ शकते. हजारो ठिकाणी काम चालू असताना एखादा भाग दोनदा कॉपी झाला तर?

परवानगी आधी, काम नंतर

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी 'लॉक' वापरतो. पेशीनेही तेच केलंय.

कॉपी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक सुरुवातीच्या जागेवर एमसीएम नावाचं यंत्र बसवलं जातं. डीएनएची दुपदरी दोरी उलगडणं हे त्याचं काम. पण तेव्हा ते बंद असतं, फक्त जागेवर बसलेलं. मग सीडीके नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर यंत्रं सुरू होतात. गंमत अशी, की हीच सीडीके नवीन यंत्र बसवायलाही मनाई करतात. म्हणजे बसवायची वेळ वेगळी आणि सुरू करायची वेळ वेगळी. दोन्ही एकत्र कधीच नाही. त्यामुळे एका फेरीत एक जागा एकदाच वापरली जाते.

खरा कंट्रोल मालावर

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. भिवंडीत यंत्रमाग कितीही असले तरी सूत नसेल तर कापड निघत नाही. मागाला हात न लावता सगळं काम रोखायचं असेल, तर सुताचा पुरवठा बंद केला की झालं.

पॉलिमरेजचं सूत म्हणजे ती चार अक्षरं. ती तयार करणारं एन्झाइम आहे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण आरएनआर म्हणू. पेशीत आरएनए बनवायचा कच्चा माल भरपूर असतो. आरएनआर त्यातला एक ऑक्सिजन अणू काढून टाकतं आणि डीएनएचा माल तयार होतो.

या एन्झाइमवर दोन खाचा असतात.

पहिली खाच चालू-बंदची. तिच्यात एटीपी बसलं की आरएनआर चालू. तयार मालातलंच एक अक्षर, डीएटीपी, तिथे येऊन बसलं की बंद. म्हणजे गोदाम भरलं की माल स्वतःच कारखान्याचं शटर खाली ओढतो! वेगळा सुपरवायझर लागत नाही.

दुसरी खाच ठरवते पुढे कुठलं अक्षर बनवायचं. टी साठला की जी बनवायला घेतलं जातं, जी साठला की ए. कारण फक्त माल असून भागत नाही, चारही अक्षरं योग्य प्रमाणात लागतात. प्रमाण बिघडलं तर पॉलिमरेजच्या हातून चुकीचं अक्षर लागण्याचं प्रमाण वाढतं.

हे शटर कायमचं अडकलं तर काय होतं, याचं उदाहरणही आहे. काही बाळांमध्ये जन्मतः एडीए नावाचं एन्झाइम काम करत नाही. त्यांच्या पेशींत डीएटीपी साचत जातं आणि आरएनआर बंद पडतं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढतच नाही, आणि साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं.

धागा तुटला तर?

चांगल्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. पेशीतही तशी सोय आहे. माल कमी पडून पॉलिमरेज अडखळलं की डीएनएचा एक पदर उघडा राहतो. एटीआर नावाचं एन्झाइम ते ओळखतं, नव्या जागांवरची सुरुवात थांबवतं आणि अडकलेल्या जागा सांभाळतं. घाई करून फाटकं कापड काढण्यापेक्षा थांबलेलं बरं.

मग औषध काय करतं?

सिकलसेल हा मुळात एका अक्षराचा आजार. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एका ठिकाणी ए च्या जागी टी असतो. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

हायड्रॉक्सीयुरिया ते अक्षर दुरुस्त करत नाही. ते आरएनआरला अडवतं. माल कमी होतो आणि अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार व्हायचा वेग मंदावतो. या ताणाखाली शरीर बाळपणातलं, म्हणजे आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवायला लागतं. ते असलं की लाल पेशी कमी वाकतात. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते.

भारतात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं. म्हणजे येत्या काही वर्षांत तुमच्या वर्गातल्या, ऑफिसातल्या किंवा घरातल्या एखाद्याच्या हातात हे औषध येऊ शकतं. तेव्हा वरची सगळी यंत्रणा आठवा, तीन गोष्टी आपोआप कळतील:

१. ही वेदनाशामक गोळी नाही. दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, असं चालत नाही. नव्या पेशी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून फरक दिसायला महिने जातात.

२. मनाने डोस वाढवायचा नाही. माल फारच कमी झाला तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी होतात.

३. म्हणूनच डॉक्टर पुन्हा पुन्हा सीबीसी करायला सांगतात. ते शटर किती खाली आलंय, हे त्याच रिपोर्टमध्ये दिसतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल, मग तुम्ही पुरुष असा की स्त्री, तर आधी डॉक्टरांशी बोला.

व्हॉट्सॲपवर 'हे कॅन्सरचं औषध आहे, घेऊ नका' असा फॉरवर्ड आला तर? रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ते वापरतात, हे खरंच आहे. कारण तिथेही पेशींचा माल रोखायचा असतो. पण सिकलसेलमध्ये डोस वजन आणि रिपोर्ट बघून ठरतो, आणि हेतू पेशी मारायचा नसतो. फॉरवर्ड करणाऱ्याला एवढं नक्की सांगा.