खालची पट्टी वर गेली

तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत सकाळी दहाला शटर वर जातं आणि साडेदहापर्यंत बाकावर जागा उरत नाही. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला सातबारा, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ‘सबमिट’वर अडलेला असतो. दाखल्यांची आणि ऑनलाइन अर्जांची अशी केंद्रं राज्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसतात. या केंद्रातलं मशीन परवापर्यंत विंडोज ७ वर चालत होतं. आता टेबलावर दुसरा डबा आहे, सेकंडहँड, पण आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा. त्याहून जुन्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टची सहसा मान्यता नाही.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता. तरी कुणाचं काम अडलं नाही, कारण क्रोम अपडेट होत होतं. ते थांबलं २०२३ च्या फेब्रुवारीत. क्रोमची ११० वी आवृत्ती आली ती फक्त विंडोज १० आणि त्यापुढच्यांसाठी. जुनी मशीनं १०९ वर राहिली. महिनोन्‌महिने काही बिघडलं नाही. मग एकेक संकेतस्थळ ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणू लागलं, कुठे ओटीपीचा चौकोन उमटेना, कुठे बटण दाबलं तरी ढिम्म हलेना. शेवटी केंद्र चालवणाऱ्या ताईंनी मशीन बदललं.

खरी अडचण इथून सुरू होते. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. ज्यांचं मशीन नवं होतं त्यांना हे बदल थोडेथोडे मिळाले. आज एक चिन्ह बदललं, दोन महिन्यांनी एक बटण सरकलं. माणूस कुरकुरला आणि विसरला. १०९ वर थांबलेल्या माणसाला मात्र ते सगळे एकाच सकाळी भेटतात, आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं.

पहिली ठेच डाउनलोडची. पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा उतरवायचा, तो उघडायचा, कंट्रोल-पी, प्रिंट. हे काम ताईंचे हात न बघता करत. जुन्या क्रोममध्ये फाइल उतरली की पडद्याच्या तळाशी करडी पट्टी यायची आणि डाव्या कोपऱ्यात फाइलचं नाव दिसायचं. डोळा आपोआप तिकडे जायचा. २०२३ मध्ये ही पट्टी गेली. आता वर उजवीकडे, पत्त्याच्या चौकटीशेजारी, छोटा बाण येतो. त्याखाली एक खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते.

ताईंनी बटण दाबलं आणि खाली पाहिलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

“आला का हो ताई?” शेतकऱ्यानं विचारलं.

“आला असंल, पण गेला कुठं ते बघतीये.”

सापडला तेव्हा एकाच उताऱ्याच्या तीन फायली होत्या, नावापुढे कंसात एक आणि दोन लावलेल्या. पुढे बसलेला बारावीचा मुलगा म्हणाला, “कंट्रोल-जे दाबा ना.” डाउनलोडची सगळी यादी समोर आली. दुपारपर्यंत ‘कंट्रोल-जे’ मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं गेलं होतं. तळाची जागा पानाला मोकळी मिळते, हे पट्टी हटवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण एखाद्या आठवड्यापुरता खालच्या कोपऱ्यात ‘मी वर गेलो’ एवढा बाण दाखवायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट कुलपाची, आणि इथे ब्राउझर बनवणाऱ्यांची बाजू घ्यायला हवी. पत्त्याच्या डाव्या बाजूचं बारीक कुलूप सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ११७ व्या आवृत्तीत गेलं. त्या जागी दोन आडव्या रेघांवर सरकत्या गोट्यांसारखं चिन्ह आलं. बँकेच्या शिबिरांत, पोलिसांच्या पत्रकांत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की कुलूप बघा, मगच पैसे भरा. आता कुलूपच नाही म्हटल्यावर माणूस बिचकणारच. पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता की मधल्या वाटेवर माहिती कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, हे ते कधीच सांगत नव्हतं. फसवणुकीची बहुतेक संकेतस्थळंही आज एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे त्यांनाही कुलूप मिळायचंच. खोटा धीर देणारं चिन्ह काढलं हे बरं झालं. शिबिरांतली वाक्यं मात्र अजून बदललेली दिसत नाहीत.

त्या नव्या चिन्हाखालीच पॉप-अप, कॅमेरा, लोकेशन यांच्या परवानग्या असतात. सरकारी संकेतस्थळांवर पावती बहुधा वेगळ्या खिडकीत उघडते आणि नव्या ब्राउझरला ती आगंतुक वाटते. पैसे कापले जातात, पावती येत नाही, गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. जुन्या मशीनवर त्या संकेतस्थळांना कधीकाळी दिलेली मुभा नव्या मशीनला ठाऊक नसते. ती प्रत्येकाला नव्यानं द्यावी लागते.

पीडीएफचं दुखणं निराळं. विंडोज ११ मध्ये क्रोमच्या नावासमोरचं ‘सेट डिफॉल्ट’ दाबलं तरी पीडीएफ एजमध्येच उघडत राहते. तिच्यासाठी यादीत खाली जाऊन वेगळी निवड करावी लागते. आतली छपाईची खिडकीही बदलते. कागद ए-फोर आहे की लेटर, मजकूर पानात बसवायचा की मूळ मापात, हे सगळं कोऱ्या पाटीवरून. पहिल्या काही दाखल्यांचा खालचा बारकोड कापला गेला. रद्दीचा कागद मोजला तर बदलाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो ते कळतं.

सगळ्यांत किचकट काम डिजिटल सहीचं. ग्रामपंचायतीची छोटी कामं घेणारे कंत्राटदार आणि जीएसटीचं विवरण भरणाऱ्या कंपन्यांचे कारकून आपापलं डोंगल घेऊन येतात. एके काळी ही सही ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावा अ‍ॅपलेटमधून व्हायची. क्रोमनं त्या जातीच्या प्लगिनचा दरवाजा सप्टेंबर २०१५ मध्ये बंद केला, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये. तेव्हापासून सही करणारा प्रोग्रॅम ब्राउझरच्या बाहेर, मशीनवर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे ते मशीन स्वतः. जीएसटीच्या सहीसाठी बसवलेला एमसायनर असाच चालतो.

नव्या ब्राउझरला त्या प्रोग्रॅमचं प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, म्हणून तो बोलायलाच तयार होत नाही. मग तो पत्ता हातानं टाइप करायचा, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा लाल इशारा येतो, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर जायचं आणि ‘तरीही पुढे जा’ म्हणायचं. ज्या ताई दिवसभर लोकांना सांगतात की लाल पान आलं की मागं फिरा, त्यांनाच इथे पुढे जावं लागतं. फरक इतकाच की हा पत्ता आपल्याच मशीनचा आहे. तो इशारा ओलांडला की सहीचा चौकोन उघडतो, पिन मागतो आणि दोन दिवस खोळंबलेलं विवरण जातं.

इंटरनेट एक्सप्लोररवाचून न चालणारी काही जुनी कार्यालयीन पानंही आहेत. तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला आणि विंडोज ११ मध्ये स्वतंत्रपणे मिळतच नाही. एजच्या सेटिंगमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ आहे. तो निदान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलेलं आहे. पान त्या यादीत घातलं की चालतं, पण नोंद तीस दिवसच टिकते. महिन्यानं पान पुन्हा कोरं दिसलं तर संकेतस्थळाला दोष देण्याआधी ही यादी बघावी.

गल्लीत मशीन दुरुस्त करणारा पोरगा या सगळ्याला ‘सवयीचा प्रश्न’ म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. कंट्रोल-जे ही सवय आहे, दोन दिवसांत हाताला बसते. पण पावतीची परवानगी, सहीचं प्रमाणपत्र, तीस दिवसांची यादी या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या पडद्यावर आपणहून कुठे सांगितलेल्या नसतात. तालुक्याच्या गावात हे ज्ञान एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंमधून पोचतं, आणि त्याबद्दल कुणी दमडी देत नाही.

ज्यांचं मशीन अजून बदलायचं आहे, त्यांनी फॉरमॅट मारण्याआधी एवढं करावं. क्रोममधले पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्यावेत. क्रोमचा नुसता फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकला तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीनं बंद असतात. डोंगलचा ड्रायव्हर आणि सहीचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर तयार ठेवावा. जुनं मशीन आठवडाभर शेजारी चालू राहू द्यावं. दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागते तेव्हा, म्हणजे मे-जूनमध्ये, या भानगडीत पडूच नये. आणि एक्स्पोर्ट झालेल्या सीएसव्ही फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड अक्षरांत असतात. नव्या मशीनवर घेऊन झाले की ती डेस्कटॉपवरून, पेनड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका.