नांवांत गुंफलेली विद्या

चीन देशांतील सूचौ शहरांत १९२१ सालीं एक नाट्यशाळा निघाली. तेथील विद्यार्थ्यांस जीं नवीं नांवें मिळालीं, त्यांत 'छुआन' हें एक अक्षर समाईक असे. त्याचा अर्थ 'पुढच्याच्या हातीं सोंपविणें'.

ही शाळा खुनच्यू या संगीत नाट्यासाठीं होती. सूचौजवळच्या खुनशान येथील हा प्रकार सोळाव्या शतकांत भरभराटीस आला. बासरीच्या साथीनें संथ गायिलेलें पद आणि शब्दागणिक ठरलेला हाताचा व नजरेचा विक्षेप, हें त्याचें वैशिष्ट्य. पुढें बीजिंगच्या जोरकस नाटकांपुढें तो मागें पडला, व जाणते नट थोडेच उरले. तेव्हां कांहीं रसिकांनीं ही शाळा काढली आणि मू ओउछू या गिरणीमालकानें तिचा खर्च सोसला.

नांवाचें शेवटचें अक्षरहि पाहण्याजोगें आहे. तरुण नायकाचें काम शिकणाऱ्याच्या अक्षरांत 'जेड' रत्नाचें चिन्ह, स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाच्या अक्षरांत तृणाचें, विदूषकाच्या अक्षरांत जलाचें! कोवळ्या वयांत जन्माची भूमिका ठरवून टाकणें आम्हांस कठोर वाटतें. परंतु या विद्येची अडचणच तशी आहे. नाटकें व स्वरलिपि छापून ठेवतां येतात. पदन्यास मात्र गुरूसमोर उभें राहूनच उचलावा लागतो. न शिकविलेला प्रवेश गुरूबरोबरच जातो.

१९५६ सालीं 'नाण्यांच्या पंधरा माळा' हें नाटक बीजिंगमध्यें अतिशय गाजलें. त्यांतील न्यायी अधिकारी चौ छुआनयिंग व चोर वांग छुआनसुंग, दोघेहि याच शाळेचे. (चौ 'जेड' अक्षराचा, म्हणजे तरुण नायकाचा, पण प्रौढ अधिकारी त्यानेंच उभा केला!) दहाच वर्षांनीं, १९६६ पासून, सांस्कृतिक क्रांतीनें जुनीं नाटकें रंगभूमीवरून हांकून लावलीं. गुरूंचें शिकविण्याचें वय असेंच वायां गेलें.

२००१ सालीं युनेस्कोनें आपल्या केरळांतील कूडियाट्टम् बरोबरच खुनच्यूचाहि गौरव केला. त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती पाय शिएनयुंग या लेखकाची खटपट. थांग शिएनत्सूचें १५९८ चें 'पिओनी मंडप' बसवितांना त्यांनीं तरुण नटांस आधीं जुन्या रीतीप्रमाणें गुडघे टेकून गुरु करावयास लाविलें. नायक यू च्यूलिन याचे गुरु वांग शियू, आणि वांग शियू यांचे गुरु तेच चौ छुआनयिंग. २००४ मध्यें हें नाटक तीन रात्रींत मिळून सुमारें नऊ तास रंगलें, व पुढें विद्यापीठांतून फिरलें तेव्हां तें पाहण्यास विद्यार्थ्यांची गर्दी लोटली.