लिनक्स : आधी वापरून पाहा, मग ठरवा

जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्याला एक संधी द्या.

● सुरुवात : १९९१. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा (कर्नल) लिहिला आणि सर्वांना खुला केला.

● नवख्यांसाठी लिनक्सच्या आवृत्त्या : उबुंटू (२००४ पासून) किंवा लिनक्स मिंट (२००६ पासून). दोन्ही मोफत, प्रत काढून इतरांना देणेही कायदेशीर.

● काय लागेल : ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. मिंटसाठी किमान २ जीबी रॅम; ४ जीबी असल्यास उत्तम.

● कृती : अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (प्रणालीची संपूर्ण प्रत) उतरवा. रुफससारख्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवा. त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो. संगणक सुरू होताना बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडा. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होते, फक्त थोडे संथ चालते.

● तपासा : वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक.

● न पटल्यास : संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढा. पुढच्या वेळी जुनी प्रणाली जशीच्या तशी उघडेल.

कायमचे बसवण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे जरूर ठेवा.