हिरडी वाढली, चाकू की लेझर?

भंडारा असो की नागपूर, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर आता ‘लेझर’ हमखास दिसतो. हिरड्या दातांवर चढलेला माणूस म्हणूनच आधी विचारतो, चाकूने कापायची की लेझरने? त्याआधी विचारायला हवे ते हे, की हिरडी वाढली कशाने.

कधी कारण औषधच असते. मिरगीवरचे फेनिटॉइन १९३८ च्या सुमारास वापरात आले आणि १९३९ मध्येच किंबॉल यांनी त्याने हिरड्या वाढतात हे नोंदवले. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, मूत्रपिंड बदललेल्यांचे सायक्लोस्पोरिन यांचेही तेच. सगळ्यांनाच हा त्रास होतो असे नाही, पण दातांवर कीटण असले की वाढ जोर धरते. सुरुवात बहुधा पुढच्या दातांच्या फटीत होते. तिथला हिरडीचा त्रिकोण फुगतो, गोलसर होतो आणि शेजारच्याला भिडतो.

चाकूची पद्धत जुनी आणि भरवशाची. हिरडी बधिर करून दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजतात, बाहेरून टोचून रक्ताचे ठिपके उमटवतात आणि त्या ठिपक्यांच्या किंचित मुळाकडून, दाताच्या टोकाकडे तिरप्या ४५ अंशांत पाते फिरवतात. रक्त बरेच येते, आठवडाभर जखमेवर पॅक ठेवावा लागतो. पण कड स्वच्छ मिळते आणि खर्चही कमी. विजेच्या कॉटरीने रक्त जागीच थांबते, मात्र तिची धग हाडाला लागली तर हाड मरते. पेसमेकर असलेल्यांनी ती टाळावी. आतले हाडही खराब असेल, तर हिरडीचा पडदा (फ्लॅप) उचलूनच काम करावे लागते.

लेझरपाशी थांबायलाच हवे, कारण त्याची एक वाट बारामतीहून निघते. कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा प्रकाश पाणी झपाट्याने शोषून घेते. हिरडीत बहुतांश पाणीच. त्यामुळे किरण पडतो तिथला थर क्षणात वाफ होऊन जातो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोचलेल्या या माणसाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक असेल?

पण पाटीवरचा लेझर बहुधा हा नसतो. छोट्या दवाखान्याला परवडतो तो डायोड लेझर. त्याचा प्रकाश रक्तातली आणि हिरडीतली रंगद्रव्ये शोषतात, आणि कापण्याचे बरेचसे काम फायबरचे तापलेले टोकच करते. लेझरने रक्त कमी जाते हे तुलनात्मक अभ्यासांत वारंवार दिसले आहे. दुखणेही बऱ्याचदा कमी असते. ‘हिरडी पुन्हा वाढणार नाही’ हा दावा मात्र मला मान्य नाही. औषध तेच आणि कीटण तसेच राहिले, तर कशानेही कापलेली हिरडी काही महिन्यांत परत चढू शकते.

म्हणून साकोली-लाखांदूरहून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची वाट धरताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. औषध बदलता येईल का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मिरगीची गोळी मनाने बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते. औषध बदलले आणि दात नीट स्वच्छ राहिले, तर काहींची हिरडी इतकी उतरते की कापायची वेळच येत नाही.