काखेतल्या भावंडाचे काय?

बेघर मुलांसाठीचे काम म्हटले की दादर किंवा मुंबई सेंट्रलचा फलाट आठवतो. बिथरलेले एकटे मूल, रेल्वे पोलीस, पुढे केलेला बिस्किटाचा पुडा, मग संस्थेचा कार्यकर्ता. या चित्रात खोटे काही नाही. बाल न्याय कायदा, २०१५ सांगतो की असे मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, ते बालकल्याण समितीपुढे आले पाहिजे. १०९८ या फोन क्रमांकावर हाक मारण्याची सोयही १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. पण हेच काम वाणगावकडून पाहिले की वेगळे दिसते. बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले हे स्टेशन, भोवती मिरचीच्या वाड्या, पूर्वेला आदिवासी पाडे. दिवाळी सरली की यातल्या कित्येक पाड्यांवरची कुटुंबे बयाणा घेऊन वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तोवर त्यांची मुले विटा, पेंढा आणि प्लास्टिकच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, झोपतात. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या वर्गवारीत आई-बापांसह रस्त्यावर राहणारी मुलेही धरली आहेत. भट्टी म्हणजे रस्ता नव्हे, एवढाच काय तो फरक. हे मूल हरवलेले नाही, त्याचे आई-बाप चार पावलांवर चिखल तुडवत आहेत. त्यामुळे त्याच्यासाठी कुणाचेही २४ तास सुरू होत नाहीत.

भट्टीवरचे काम पहाटेच्या अंधारातच सुरू होते. माती भिजवायची, भाताचे तूस मिसळायचे, साच्यात थापून ओळी लावायच्या. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने आणि तीही बयाण्यातून वळती होणारी, म्हणून घरातला एकही हात रिकामा ठेवणे परवडत नाही. ओल्या विटा उलटवण्याचे काम मुलांकडे येते. पण खरी नेमणूक होते ती आठ-नऊ वर्षांच्या मुलीची. तिच्या काखेत लहान भावंड असते. ती विटेला हात लावत नाही, म्हणून बालमजुरांच्या यादीत ती दिसत नाही. भट्टीवर ती नुसतीच ‘बसलेली’ असते. आई दिवसभर वाकून काम करू शकते ती या मुलीच्या जिवावर. शाळा दारात आणून ठेवली तरी ती कशी जाणार?

या प्रश्नाचे उत्तर डहाणू तालुक्यातच सापडले होते, हे आपण फार लवकर विसरलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे अडचण आणखी पुढची होती. मूल येत नाही कारण त्याला गुरे राखायची आहेत, किंवा धाकटे भावंड सांभाळायचे आहे. गुराख्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली, म्हणजे थोरली आपल्यासोबत धाकट्याला घेऊनच येईल. मला या साऱ्यात तो पाळणाच सर्वांत बुद्धिमान वाटतो. मुलाला ओझ्यापासून पळवून न्यायचे नाही. ओझे आधी आपल्या हातात घ्यायचे. फलाटावरच्या सुटकेला बातमीत जागा मिळते. पाळण्याला दोरी ओढणारे माणूस लागते, तेही महिनोन्‌महिने.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भट्टीवर शाळा आणि पाळणाघर नेले की आपण भट्टीलाच मान्यता देतो, मालकाची मजुरी स्वस्त करून देतो. १९४५ सालीच या मुलखात गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठीविरुद्ध उठले. लग्नासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर राबणारा लग्नगडी त्या लढ्याने मोकळा झाला. लग्नासाठी घेतलेला बयाणा मात्र राहिला. तेव्हा मुळावर घाव घालायचा सोडून पाळणे कसले बांधता, असे कुणी विचारले तर त्याला झटकून टाकता येत नाही. पण बयाणा फिटेपर्यंत ती मुलगी नऊची पंधरा वर्षांची होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मजुरांच्या वेठीविरुद्ध लढणारे तेच लोक होते. शाळा काढल्याने त्यांचा लढा मवाळ झाला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आश्रमशाळा आहेत, हंगामी वसतिगृहांची योजना आहे, मग मुले गावातच का ठेवत नाहीत? ठेवावीत, जमेल तितकी. फक्त ही सोय शाळेच्या वयाच्या मुलांसाठी आहे. वर्षाचे अंगावर पिणारे मूल वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबर भट्टीवर जाणार, आणि त्याच्यामागे त्याला सांभाळणारी बहीणही जाणार. म्हणजे वसतिगृहाच्या पटावरचे तिचे नाव धाकट्यामुळे गळते. स्थलांतरित बालकांची नोंद आता मोबाइलवर होते, ही चांगलीच गोष्ट. पण ती नोंद भट्टीवरच्या बाळाला झोपवत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यानुसार ३० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे होते. दहा-बारा जोडप्यांची भट्टी त्या आकड्याखालून अलगद निसटत असे. विटांसाठी माती काढायला मात्र लहान भट्टीवाल्यालाही सहसा महसूल खात्याची परवानगी लागते. त्या अर्जात किती ब्रास माती हे लिहावे लागतेच. त्याच कागदावर किती भोंगे, सहा वर्षांखालची मुले किती आणि त्यांना दिवसभर कोण सांभाळणार, हे तीन रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही. अंगणवाडीच्या मदतनीस बाईला हंगामापुरते भट्टीवर बसवण्याचा खर्च मालकाकडून घ्यावा. तो कुरकुरेल. आज तेच काम त्याला आठ वर्षांच्या मुलीकडून फुकट मिळते आहे.